मुका रुपया

अक्का, चिंताकीच्या सुभद्राबाईचा तो रुपया खरा होता.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण मी बोलायला बसले की कुठून कुठं जाते ते तुम्हाला माहीत आहे. मिरचीचा भाव विचारायला गेलेली वैजंता चार घरची बाळंतपणं ऐकून येते, असं तुम्हीच म्हणायच्या. म्हणून आधी एवढं. रुपया खरा होता, तुम्ही त्याला खोटा म्हणलात, आणि तो खरा आहे हे मला माघ महिन्यात कळलं. तुम्ही कार्तिकात गेलात. मधले नऊ महिने आपण दोघी एका चटईवर बसून भाकरी खाल्ली आणि मी तोंडातून शब्द काढला नाही.

आज तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की माझा डोळा लागतो. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज लांब लांब होत जातो, पुढं त्याचं पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या काठानं तुम्ही येता. निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्यावर भिंगाची पिशवी. पायरीवर बसता. बोटाच्या टोकावर रुपया तोलून धरता, दुसऱ्या रुपयाच्या कडेनं त्याला हळूच टिचकी मारता. आवाज होत नाही. रुपयातून तुरीच्या फुलासारखा पिवळा रंग निघतो आणि पसरत पसरत घागरींवर, तांब्यांवर, वर टांगलेल्या चाळण्यांवर जाऊन बसतो. तुम्ही माझ्याकडं बघून भुवई उचलता, काय म्हणला, असं विचारल्यासारखं. मी सांगणार तेवढ्यात कुणीतरी कुकरचं रबर मागायला येतं.

रोज असंच होतंय. म्हणून म्हणलं, लिहूनच काढावं.

लिहायला तरी कुणी शिकवलं. लग्न होऊन मन्नाएखेळ्ळीला आले तेव्हा मला सहीपुरती अक्षरं येत होती. तुम्ही माझी थोरली नणंद, आळंदच्या शाळेत मास्तरीण, सुट्टीत माहेरी यायच्या. सगळ्या गावाला तुमचा धाक. पहिल्याच दिवाळीला मी काय केलं आठवतं का? भांड्याच्या दुकानातली सून, हातात चिंच असलीच पाहिजे. देवघराच्या फळीवर तुमची डबी होती, तीत काळपटलेले चार रुपये. मी ते चिंचेनं आणि राखेनं घासून असे लखलखीत केले की त्यांत तोंड दिसावं. ताटलीत मांडून तुमच्यापुढं ठेवले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

तुम्ही किती वेळ बघत बसला होता. मला वाटलं आता कानफटात बसती.

"वैजंते," तुम्ही म्हणलात, "ह्यांच्या अंगावर दीडशे वर्षं बसली होती. तू ती धुतलीस."

मी रडायला लागले, तर तुम्ही हसलात. म्हणलात, "रडायलीस कामून? बस इथं. आता ह्या चौघांची किंमत गेली ती गेलीच, तुला शिकवायच्या कामी तरी येतील."

आणि शिकवलंत. भिंग माझ्या हातात दिलंत. आपल्या सरकारच्या जुन्या पैशावरून भा, र, त. निजामाच्या रुपयावरून फारशी अक्षरं, जी तुम्ही मामंजींकडून शिकला होता, त्यांची शाळा उर्दू होती म्हणून. माझं पहिलं पुस्तक म्हणजे नाणं. दोन पानांचं. पुढच्या पानावर राजा आणि मागच्या पानावर टांकसाळ. पुढं मी पोथी वाचली, पेपर वाचला, पोराचं कॉलेजचं पुस्तकसुद्धा वाचून बघितलं, पण त्या दोन पानांचं वाचन अजून संपलेलं नाही.

आपल्या दुकानात नाणी यायची ती मोडीतून. लोक जुनी पितळ घेऊन यायचे, नवी भांडी न्यायचे. जुन्या लोट्याच्या तळाशी, फुटक्या डब्यात, पानाच्या पेटीत एखादा रुपया खुळखुळायचा. तुमचे भाऊ ते चांदीच्या भावानं घ्यायचे आणि सोनाराकडं टाकायचे. तुम्ही ते बंद पाडलंत. तुमचे भाऊ गेल्यावर नोकरीतून मोकळ्या होऊन तुम्ही इथंच राहायला आलात आणि मग तर दुकानाचं अर्धं फळकूट नाण्यांचंच झालं. बीदरचे, हैदराबादचे हौशी लोक फोन करायचे, गाडी थांबवून उतरायचे. "मास्तरीणबाईंनी बघितलाय का?" असं विचारायचे. तुम्ही बघितलाय म्हणलं की पुढं कुणी काही विचारत नसे.

बघितलाय असं लोक म्हणायचे. तुम्ही बघायच्या कमी. वजन करायच्या, कड भिंगाखाली फिरवायच्या, ओतीव असंल तर सांध्याची रेघ दिसती ते मला दाखवायच्या, आणि हे सगळं झाल्यावर डोळे मिटून रुपया कानापाशी न्यायच्या. इतर लोक दगडावर आपटतात त्याचा तुम्हाला राग. "मार बसतो त्याला. माणसाला बोलतं करायला कुणी आपटतं का?" बोटाच्या टोकावर तोलायचा, कडेनं टिचकी. चांगल्या चांदीचा रुपया बारीक, लांब आवाज काढतो, शेवट कुठं झाला ते कळत नाही. तसा निघाला की तुम्ही डोळे उघडून म्हणायच्या, "बोलला." नाही निघाला तर, "मुका हाय." झालं. मुका म्हणजे खोटा. त्याच्यावर अपील नाही.

आपलं भांडण होतं ते डब्यांवरून. आता सगळे लोक तसलेच मागतात. नाणं कंपनीकडं पाठवायचं, तिथं तीन माणसं ते तपासणार, सत्तरपैकी मार्क देणार, आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून वर नंबराची चिठ्ठी लावणार. मला ते पटायचं. घामाचा हात लागत नाही, कुणी चिंच लावत नाही.

"तिघं बघतात व्हय?" तुम्ही म्हणायच्या.

"तिघं बघतात, अक्का. मशीन लावून बघतात."

"बघतात. ऐकतंय का कुणी?"

"ऐकून काय करायचंय? मार्क दिलेत की. बेचाळीस."

"सत्तरपैकी बेचाळीस. आमच्या शाळेत एवढ्या मार्कावर पोराच्या बापाला बोलावून घेत होते." आणि मग डबी माझ्याकडं सरकवून, "ह्याला आता कुणी कवाच टिचकी मारणार न्हाई. जिता पुरलाय की गं."

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. त्यात मी एकदाही जिंकले नाही आणि मला जिंकायचंही नव्हतं. तुमच्याशी वाद घालताना मी स्वतःला शिकलेली वाटायचे, एवढं पुरायचं.

मुके रुपये वाढायला लागले ते साधारण तीन वर्षांपूर्वी. आधी मला वाटलं जमानाच तसा आला. आता चांदीचं वजनही जुळवून खोटी नाणी करतात, तुम्हीच सांगायच्या. एखादा माणूस रुपया घेऊन यायचा, मला वजन बरोबर वाटायचं, कडेला रेघ दिसायची नाही, अक्षरंही धारदार. आणि तुम्ही कानाला लावून मान हलवायच्या. मुका. माणूस खाली बघून निघून जायचा. माझी हिंमत काय तुमच्या कानापुढं बोलायची.

मग गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर सुभद्राबाई आली. चिंताकीहून, दोन गाड्या बदलून. पदराच्या गाठीत रुपया बांधलेला. हाताच्या ठोक्यानं पाडलेला, जाड, वाकडातिकडा, अक्षर अर्धं आत आणि अर्धं बाहेर. तिच्या सासूला तिच्या आईनं लग्नात दिलेला. आता सासूच म्हणाली होती, वैशाखात माझ्या पणतीचं लग्न हाय, ह्या रुपयाची तिला पितळेची मोठी घागर घ्या, माझ्या आईचं तिच्यापर्यंत जाऊ द्या. तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटलेत. एकदा टिचकी, दोनदा टिचकी.

"मुका हाय," तुम्ही म्हणलात. "ओतीव असंल. घरात कुणी फसलंय कवातरी."

"माझ्या सासूच्या आईनं दिलाय, बाई," ती म्हणली.

"मग ती फसली असंल."

मला ऐकू आला होता, अक्का. तुमच्यापासून दोन हातांवर बसून मला तो आवाज ऐकू आला. बारीक, लांब. आधी वाटलं बाहेर कुणाची सायकल गेली.

सुभद्राबाईनं रुपया उचललाच नाही. "खोटा हाय तर राहू द्या तुमच्यापाशीच. सासूपुढं कुठल्या तोंडानं नेऊ? तुझ्या आईनं तुला खोटा रुपया दिला म्हणू?" असं म्हणून ती उतरली आणि बसस्टँडकडं चालायला लागली. तुम्ही तिच्याकडं बघून म्हणलात, "लई मानी बाई हाय." त्यात कौतुक होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी मी ते केलं. खरं सांगते, वाईट मनानं केलं नाही, अर्धी चेष्टाच होती. एका गिऱ्हाइकानं चार-पाच रुपये आणले होते. मी त्यांत तुमच्या डबीतला रुपया मिसळला. तुमचा स्वतःचा. ज्याचा आवाज ऐकवून तुम्ही मला आवाज म्हणजे काय ते शिकवलंत. चिंचेनं घासलेल्या चौघांपैकी एक, लखलखीत, कुठंही ओळखू यावा असा. तुमचे डोळे मिटलेले होते म्हणून तो दिसला नाही. बोटावर घेतलात, टिचकी मारलीत. दुकानभर आवाज झाला. पलीकडच्या पंक्चरवाल्यानंसुद्धा मान वर केली.

तुम्ही म्हणलात, "हाबी मुका."

मी हसायची थांबले. तुम्ही पुढचा रुपया उचललात. मी तुमचा तो हळूच काढून परत डबीत ठेवला, आणि गिऱ्हाइकाला म्हणलं, आता आम्ही नाणी घेणं बंद केलंय, फक्त भांडी. तुम्ही विचारलंत, "कामून बंद केलंस?" मी म्हणलं, "खोटी लई यायलीत."

तुम्हाला माझं बोलणं ऐकू यायचं, बसचा हॉर्न ऐकू यायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मी बारकाईनं बघायला लागले. शेजारच्या पोरीचं पैंजण, मोबाइलची बारीक रिंग, सकाळची चिमणी, एवढंच गेलं होतं. वरचं वरचं. दुधावरची साय कुणी काढून न्यावी तसं. आणि तुमचा सगळा मान त्या सायीवर होता.

सुभद्राबाईचा रुपया मी बीदरला जाऊन त्या डबीवाल्या कंपनीला कुरिअर केला. तुम्हाला सांगितलं, डोळे दाखवायला जाते. तुम्ही म्हणलात, "थांब, मीबी येते, माझेबी दाखवायचेत." तेव्हा मी किती कारणं सांगितली. माघात डबी आली. नंबर, चिठ्ठी, खरा म्हणून लिहिलेलं, सत्तरपैकी चाळीस. मी ती तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली खुपसली.

दुसऱ्या दिवशी निघायला हवं होतं चिंताकीला. निघाले नाही. सुभद्राबाईला रुपया खरा म्हणून दिला असता तर ती तडक दुकानात आली असती, तुमच्यापुढं उभी राहिली असती, बोलायला तर ती कमी नाही. आणि तुम्ही रुपया मागितला असता. बोटावर तोलायला. तो तर डबीत. मग तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं आणि तुम्हाला सगळं कळलं असतं. मास्तरीण होता, तुम्हाला एक ओळ दिली की अख्खा धडा कळायचा.

एकदा फाल्गुनात मी सुरुवातसुद्धा केली होती. "अक्का, कानाच्या डॉक्टराकडं जाऊन यावं का?" तुम्ही म्हणलात, "कामून, तुला ऐकू येईना का?" आणि इतक्या मायेनं माझ्या कानाकडं बघितलंत, पदराच्या टोकानं पुसलंतसुद्धा, की मी म्हणलं, "व्हय, जरा कमी येतंय." तेव्हापासून तुम्ही माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागलात. शेवटपर्यंत बोललात. दवाखान्यातल्या त्या दिवशीसुद्धा जोर लावून म्हणलात, "वैजंते, भिंग पुसून ठेव." सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

चैत्र गेला. वैशाखात मी डाळीचा डबा उघडायचे, वरची डाळ काढायचे आणि झाकण लावायचे.

परवा गेले, अक्का. डबी घेऊन. औरादच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांना आलेली, धुकं उतरत होतं, आणि मला गाडीत वाटत राहिलं की तुम्ही मागच्या सीटवर बसलाय आणि तिकिटाचे सुटे पैसे कानाला लावून बघायलाय. दोनदा वळून बघितलं. मागं एक बाई कोंबडी घेऊन झोपली होती.

सुभद्राबाई अंगणात शेंगा सोलत होती. या म्हणली नाही, पण बसायला पोतं सरकवलं.

"रुपया आणलाय," मी म्हणलं.

"कशाला? खोटाच हाय की त्यो."

"खरा हाय. मोठ्या कचेरीतून लिहून आलंय."

तिनं डबी उलटीपालटी करून बघितली. चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "कवा आलंय हे?"

तिथं खोटं बोलता आलं असतं. "माघात," मी म्हणलं.

"लग्न वैशाखात झालं."

"व्हय."

"मग कामून आणला न्हाईत, बाई?"

आणि जे मी तुम्हाला नऊ महिन्यांत बोलले नाही, ते एका परक्या बाईच्या अंगणात बसून बोलले. म्हणलं, आमच्या अक्काचे कान गेले होते. तुमचा रुपया खरा ठरला असता तर त्या खोट्या ठरल्या असत्या. मी तुमच्या सासूच्या आईला खोटं राहू दिलं, आमच्या अक्कासाठी.

तिनं चार-पाच शेंगा सोलल्या. "मास्तरीणबाईला कळलं का मग?"

"न्हाई. गेल्या त्या."

"आमच्या म्हातारीलाबी म्या सांगितलं न्हाई," ती म्हणली. "घागर दिली म्हणून सांगितलं. मोठी दिली, नाव घालून दिली म्हणलं. तिला उठता येत न्हाई, लग्नात बघायला थोडीच येणार होती. रोज इचारती, पोरगी पाणी भरती का घागरीत. भरती म्हणते."

आतून म्हातारीचा आवाज आला, कोण आलंय गं. सुभद्राबाई म्हणली, मन्नाएखेळ्ळीच्या भांडेवाल्या बाई आल्यात.

"घागर लई चांगली दिलीस गं, माय," म्हातारी आतून म्हणली. "देव तुझं बरं करो."

अक्का, आयुष्यभर मी भांडी विकली, असे आशीर्वाद मला कुणी दिले नाहीत, आणि हा घ्यायला माझे हात पुढं होईनात. मी "व्हय, माय," एवढंच म्हणले. हळू आवाजात सुभद्राबाईला म्हणलं, घागर पाठवते, उद्याच पाठवते. ती म्हणली, "दिलेली घागर पुन्हा कशी द्यायची, बाई?" आणि डबी पदरात बांधली. गाठ मारून झाल्यावर मान वर न करता विचारलं, "आनी कितीजणाला मुका म्हणल्या त्या?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नऊ महिने मी एकच रुपया लपवत होते, म्हणून एकच आहे असं वाटत होतं. परतीच्या गाडीत मी बोटांवर मोजत बसले. त्या दोन वर्षांत खाली बघून उतरलेली माणसं. मला चार आठवली. एक ट्रकवाला, त्याचं गाव कुणाला ठाऊक. एक हुमनाबादची बाई, तिचं आडनाव लक्षात आहे. एक म्हातारा, तो आता असेल की नसेल. आणि चौथा आळंदचा तो पोरगा, पोरगा कसला, नातवंडं असतील त्याला, तुमच्या हाताखाली शिकलेला. वडिलांचा रुपया घेऊन आला होता, तुमच्या पाया पडला होता. तुम्ही मुका म्हणल्यावर परत पाया पडून गेला.

त्याच्यापासून सुरुवात करते. अवघड आहे तेच आधी करावं असं मला वाटतंय, कारण सोपं आधी केलं की मी तिथंच थांबीन. तुमच्या आळंदात, जिथं तुम्ही तीस वर्षं खडू धरला, तिथं जाऊन तुमच्याबद्दल हे सांगायचं. सुभद्राबाईला तुमच्या आधी सांगितलं, तेवढं पोटात घाला. हे चौघं मात्र तुम्हाला सांगून मगच करायलेय.

तो विचारील, "बाई चुकल्या व्हय?" मी गाडीत बसल्या बसल्या उत्तर जुळवलंय, आणि ते तुमच्यापुढं एकदा म्हणून बघते, तुम्ही धडा म्हणून घ्यायच्या तसं. चुकलं तर सांगा. रुपया खोटा नव्हता, बाबा. तुझे वडीलही फसले नव्हते. रुपया बोलला होता. आमच्या अक्काला ऐकू गेला न्हाई, आणि मला ऐकू आला तरी मी बोलले न्हाई.